तिकिटाची दुसरी बाजू

सहा डिसेंबरला चैत्यभूमीवर अभिवादनासाठी निघालेली आम्हा वसतिगृहातील मुलांची तुकडी रेल्वेच्या फलाटावर पोहोचली की, सर्वांची पावले वजनाच्या यंत्रापाशी अडखळत. काचेआड लाल-हिरवे दिवे चमकत, रंगीत चकती गरगर फिरे. नाणे टाकताच खट्कन जाड पुठ्ठ्याचे छोटे तिकीट खाचेत पडे. एका बाजूस वजन, दुसऱ्या बाजूस भविष्य. विकतचे खेळणे कधी हाती न आलेल्या आम्हा मुलांचे तेच खेळणे होते.

एका वर्षी साऱ्यांच्या खिशांतून मिळून एकच नाणे निघाले. चिठ्ठी आमच्यातील सर्वांत किडकिडीत मुलाच्या नावाची आली. तिकिटावर धनलाभाचे भविष्य होते. आम्ही टाळ्या पिटल्या. गुरुजींनी तिकीट हाती घेतले, उलटे केले आणि ते गप्प झाले. बारा वर्षांच्या मुलाचे वजन बावीस किलो होते.

त्यांनी त्याला बाजूला घेऊन विचारपूस केली, तेव्हा कळले की रोजची अर्धी भाकरी तो धाकट्या भावासाठी नेत होता. तो भाऊ जवळच्याच वस्तीत नातलगांकडे अर्धपोटी राहत होता. आम्ही त्याच पंगतीत बसत होतो. भाकरी खिशात जाताना पाहत होतो आणि त्याला ‘चोर’ म्हणून चिडवत होतो. ती शरम आजही आमच्या मनातून गेलेली नाही.

परतल्यावर धाकट्याचे नाव वसतिगृहाच्या पटावर चढले आणि दरमहा आम्हा सर्वांची वजने वहीत नोंदली जाऊ लागली.

पुढे इतिहासाच्या अभ्यासात वाचले की, इसवी सनाच्या पहिल्या शतकात अलेक्झांड्रियाच्या हेरॉनने नाण्यावर चालणाऱ्या यंत्राचे वर्णन केले आहे. नाण्याच्या भाराने तरफ झुके, झडप उघडे आणि मंदिरातले पवित्र पाणी ओघळे. नाणे घसरून पडले की झडप मिटे. त्या यंत्राला केवळ नाणे हवे होते. आमच्या पूर्वजांना मात्र सार्वजनिक तळ्याच्या ओंजळभर पाण्यासाठी २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांच्या मागून महाडच्या चवदार तळ्यावर जावे लागले. तेथे प्रश्न नाण्याचा नव्हता, माणूसपणाचा होता.

आता आम्हीच शिक्षक आहोत. आमच्या वर्गात एखादे मूल मागे पडू लागले, तर त्याच्या भवितव्याविषयी भाकिते करण्यापूर्वी आम्ही त्याला जवळ बोलावतो आणि विचारतो, ‘बाळ, जेवलास का?’