सायकलवरून प्रकाशास

सायकलप्रवासाचा आनंद घ्यावा तो फ्रान्समधील खेड्यांच्या निवांत वाटांवर, असें आमच्या चिरंजीवांचें मत. ह्या वयांत तो योग कोठून येणार? तेव्हां मार्गशीर्षांतील एका सकाळीं नातवास बरोबर घेऊन शहाद्याहून प्रकाशास निघालों.

हमरस्त्यावर मालमोटारींची रीघ. म्हणून आम्हीं शेतांमधली वाट धरिली. दुतर्फा पपई, केळी, ऊंस. उत्तरेस सातपुड्याची निळी रांग. मोठा चढ कोठेंच नाहीं. मात्र बैलगाडीच्या चाकोरींत चाक अडकून मी आडवा झालों, गुडघा खरचटला.

"आजोबा, परत फिरूं या का?"

मन कचरलें; पण उठलों.

प्रकाशास गोमाई तापीला मिळते. संगमाकांठीं केदारेश्वराचें मंदिर आहे. भाविक ह्या क्षेत्रास दक्षिणकाशी म्हणतात. दर्शन घेऊन गांवालगतच्या पांढरीच्या टेकाडाकडे वळलों. तेथें १९५५ सालीं उत्खनन झालें, तेव्हां ताम्रपाषाणयुगापासूनच्या वस्तीचे थर उघडकीस आले.

"म्हणजे हें टेकाड माणसांनींच रचलें?" नातवानें विचारलें.

"होय. पडक्या घरांवर नवीं घरें बांधतां बांधतां."

मी ओशाळलों. तीस वर्षें वर्गांत मोहेंजोदडो शिकविलें. मोटारीनें येथून कितीदां तरी गेलों. पण एकाही विद्यार्थ्यास हें टेकाड दाखविलें नाहीं.

वाचकहो, आपल्या गांवाजवळही अशी एखादी वाट असेल. मुलांना घेऊन सावकाश जा. मला हें सुचावयास फार उशीर झाला.