सुकवलेली गाडी काही सांगत नाही

पावसात बंद पडलेल्या मोटरसायकलवर आपल्याकडे पहिला इलाज ठरलेला आहे: सुकवा. प्लग कॅप काढून फुंकर मारायची, फडक्याने पुसायची, कॉम्प्रेसरची हवा मारायची, आणि तेवढ्यावर भागलं नाही तर गाडी उन्हात उभी करायची. गाडी सुरू होते, ‘पाणी गेलं होतं’ एवढ्या निदानावर प्रकरण मिटतं आणि पुढच्या मोठ्या सरीला ती पुन्हा तिथेच अडते. पावसाळी गाड्यांच्या वायरिंगमध्ये बरीच वर्षं हात घातल्यावर माझं मत असं झालं आहे की हे सुकवणं घरी पोचण्यापुरतं ठीक, पण दोष शोधायचा असेल तर त्यात पुरावाच पुसला जातो. पाण्याने येणारा दोष पाणी असेपर्यंतच दिसतो. म्हणून तो शोधायचा तर गाडी पुन्हा भिजवावी लागते. मात्र थोडी थोडी, आपण ठरवू त्या जागी आणि इंजिन चालू ठेवून.

पाणी नेमकं काय करतं हे आधी पाहू. आभाळातून पडणारं पाणी विजेचं फार वाईट वाहक असतं. १२ व्होल्टच्या वायरीवर ते नुसतं पडल्याने सहसा काही बिघडत नाही. त्रास होतो तो पुढच्या चाकाने उडवलेल्या पाण्याचा, ज्यात माती, क्षार आणि कोकणपट्टीत मीठही असतं. हे पाणी दोन निराळ्या ठिकाणी निराळं काम करतं. प्लगच्या बाजूला दहा हजार व्होल्टच्या वरचा दाब असतो. तिथे कॅपच्या रबराला बारीक चीर असली की करंट प्लगच्या टोकाशी न जाता ओल्या चिरेतून इंजिनच्या धातूत पळतो आणि गाडी मिसफायर करू लागते. ज्या इंजिनांत प्लग खोलगट जागेत बसतो, तिथे पाणी निघून जायला हेडमध्ये एक छोटं भोक ठेवलेलं असतं. ते चिखलाने बुजलं की प्लगभोवती डबकं साचतं. दुसरी जागा म्हणजे कपलर आणि अर्थचे जोड, आणि माझ्या मते खरी गोम इथे आहे. एकाच कपलरमध्ये बॅटरीचा कायम चालू असलेला प्लस आणि अर्थ शेजारी असतील, तर ओलाव्यातून दोघांमध्ये अगदी बारीक करंट वाहत राहतो आणि प्लसकडचं तांबं हळूहळू विरघळतं. गाडी नुसती उभी असली तरी हे चालूच असतं. उघडी पडलेली वायर तर पाणी स्वतःहून ओढून घेते: तांब्याच्या तारांच्या फटींतून ते आवरणाच्या आतून वर चढतं. बाहेरून वायर धडधाकट दिसते, सोलली की आत काळी-हिरवी भुकटी. सुकल्यावर पाणी जातं, ही भुकटी राहते. त्यामुळे सुकवून चालू झालेली गाडी बरी झाली असं मी मानत नाही.

शोधायला साधी फवाऱ्याची बाटली पुरते, इस्त्रीला वापरतात तसली. जागा अंधारी असावी, कारण कॅप गळत असेल तर अंधारात त्यावर निळसर ठिणग्या नाचताना दिसतात. (प्लगच्या वायरीला तेव्हा हात लावायचा नाही, हे सांगायला नको.) पाणी मी खालून वर मारत जातो. वरून सुरुवात केली तर ओघळ सगळीकडे जातात आणि इंजिन नेमकं कशामुळे अडखळलं ते कळत नाही. आधी साइड स्टँडचा स्विच. आता बहुतेक नव्या गाड्यांत तो इंजिन बंद पाडू शकतो आणि बसवलेला असतो तो चिखलाच्या थेट माऱ्यात. मग ब्रेकचा स्विच, मग प्लग कॅप, कॉइल, टाकीखालचे कपलर, शेवटी हँडलवरचा किल स्विच आणि चावीचं लॉक. प्रत्येक जागी दोन-तीन फवारे मारायचे आणि थोडं थांबायचं. इंजिनचा सूर बदलला की जागा सापडली.

जागा सापडल्यावर मोजमाप, आणि इथे हातातला मल्टिमीटर पुष्कळदा फसवतो. ३५ वॉटच्या हॅलोजन बल्बला सुमारे ३ अँपिअर करंट लागतो. वाटेत गंजलेल्या जोडामुळे १ ओहमचा अडथळा तयार झाला तर बल्बपर्यंत दहा व्होल्टही पोचत नाहीत आणि उजेड जवळजवळ निम्म्यावर येतो. पण तीच वायर बल्ब काढून मीटरवर तपासा, मीटर खुशाल बॅटरीएवढे व्होल्ट दाखवेल. मीटर स्वतः करंट ओढत नाही, आणि करंट वाहिल्याशिवाय त्या अडथळ्यावर व्होल्टेज पडत नाही. म्हणून दोन वायरी जोडलेला ब्रेक लाइटचा २१ वॉटचा जुना बल्ब, म्हणजे आपल्या मेकॅनिकांचा टेस्ट लॅम्प, या कामात महागड्या मीटरपेक्षा सरस ठरतो. तो मंद पेटला तर पुरवठ्यात किंवा अर्थमध्ये अडथळा आहे. मीटरच वापरायचा तर लाइट चालू ठेवून, एक टोक बॅटरीच्या मायनसला आणि दुसरं बल्बच्या अर्थला लावून बघावं: अर्धा व्होल्ट जरी दिसला तरी अर्थ खराब आहे. टेस्ट लॅम्पला एक कडक अपवाद आहे. ईसीयूकडे, म्हणजे इंजिन सांभाळणाऱ्या संगणकाकडे जाणाऱ्या सेन्सरच्या वायरींना तो लावायचा नाही. तिथे बहुतेक कारभार ५ व्होल्टवर चालतो आणि एवढा करंट ओढला तर ईसीयूच जायचा. आणि वायरीत सुई टोचून तपासायची सवय सोडावी. त्या भोकातूनच पुढच्या पावसाळ्यात पाणी आत जातं.

यावर गॅरेजमधून येणारा आक्षेप मला ठाऊक आहे. जुलैत दारात गाड्यांची रांग असते, फवारे मारत बसायला वेळ कुणाला? त्यापेक्षा दुसऱ्या चालू गाडीतलं सीडीआय, म्हणजे ठिणगीची वेळ सांभाळणारा डबा, काढून लावून बघावं, चालली गाडी तर सीडीआय गेलं म्हणायचं. पद्धत झटपट आहे हे मान्य. पण तिच्यात एक खोट आहे आणि गिऱ्हाइकाच्या खिशाला तीच सर्वांत जास्त महाग पडते. जुना भाग काढताना आणि नवा लावताना कपलर दोनदा घासला जातो. पिनांवरचा गंज खरवडला जातो, धातूला धातू लागतो आणि गाडी चालू होते. श्रेय मिळतं नव्या सीडीआयला. याची परीक्षा सोपी आहे: गाडी चालू झाल्यावर जुनाच भाग परत लावा. तरीही चालली तर दोष त्या भागात नव्हता. ही दोन मिनिटांची उलटतपासणी फारसं कुणी करत नाही, आणि चांगले सीडीआय, रिले, रेग्युलेटर भंगारात जातात.

दुसरा आक्षेप नव्या गाड्यांच्या मालकांचा. १ एप्रिल २०२० पासून धुराचे बीएस-६ नियम आले, आता फ्युएल इंजेक्शन आहे, स्कॅनर लावला की कोड मिळतो, मग ही जुनी खटपट कशाला? कोड उपयोगी आहे, नाकारत नाही. पण तो एवढंच सांगतो की अमुक सेन्सरकडून येणारा आकडा मर्यादेबाहेर आहे. सेन्सर बिघडला, वायर तुटली की कपलरमध्ये पाणी आहे, हे तो सांगत नाही. तरी कोडवर सेन्सरचं नाव वाचून सेन्सरच बदलला जातो. इंजेक्शनच्या गाड्या तर या बाबतीत जास्त नाजूक, कारण ५ व्होल्टच्या सेन्सरमध्ये थोडासा अडथळाही ईसीयूला चुकीचं तापमान किंवा चुकीचा दाब वाचायला लावतो. म्हणजे काम तेच, फक्त कोडमुळे बाटली कुठे रोखायची ते लवकर कळतं.

मुद्दाम पाणी मारल्याने नुकसान होणार नाही का, असंही विचारलं जातं. बाटलीच्या चार फवाऱ्यांनी होणार नाही. जे विचारतात तेच बहुधा गाडी वॉशिंग सेंटरला प्रेशर पंपाखाली उभी करतात, तीही लांबून चालवून आणलेली, तापलेली. आयपी-६७ या पाणीरोधक दर्जाचा अर्थ एवढाच की भाग १ मीटर पाण्यात ३० मिनिटं तग धरेल; जवळून मारलेल्या जोरदार झोताची हमी त्यात नाही. शिवाय तापलेल्या कपलरवर गार पाणी पडलं की आतली हवा आकसते आणि रबरी सीलच्या कडेने पाणी आत खेचलं जातं. पावसाच्या नावावर खपणारे कितीतरी दोष मला या धुलाईचेच वाटतात.

मात्र या पद्धतीला एक हद्द आहे. सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला त्या २६ जुलै २००५ सारख्या दिवशी जी गाडी टाकीपर्यंत बुडाली, तिला यातलं काही लागू नाही. तिथे आधी बॅटरी सोडवायची आणि सेल्फ किंवा किक मारायचीच नाही. सिलिंडरमध्ये पाणी असेल तर ते दाबलं जात नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. अशा गाडीचं वायरिंग भुकटी झालेल्या एखाद-दुसऱ्या जोडाचं राहत नाही, पूर्ण किट उतरवून बघावं लागतं.

रोजच्या पावसाळी गाडीला मात्र सापडलेला जोड नीट बांधला की पुरतं. काळं तांबं कापत मागे जायचं, चकचकीत तार लागेपर्यंत. नवी पिन बसवून आत गोंद असलेली हीट श्रिंक नळी चढवायची. नुसती काळी टेप पाणी अडवत नाही, आत शिरलेलं धरून ठेवते. कपलरमध्ये सिलिकॉन ग्रीस भरायचं. ग्रीस करंट वाहून नेत नाही, मग जोड तुटणार नाही का, ही शंका रास्त आहे. पण पिना घट्ट बसताना स्पर्शाच्या जागेवरून ते बाजूला सरतं आणि फक्त उरलेल्या फटी भरतं. पिना सैल असतील तर आधी त्या दाबून घ्यायच्या, मग ग्रीस. आणि वायर कपलरमध्ये वरून सरळ उतरत असेल तर तिला आधी थोडं खाली झोळ देऊन मग वर आत न्यायचं, म्हणजे तिच्यावरून ओघळणारं पाणी झोळाच्या तळाशी टपकून जातं.