ओळख न दाखवण्याचा व्यवसाय

"नुसत्या उलोवपाचे पयशे?"

२०११ साली म्हापशात एका शिंप्याच्या दुकानावरची खोली भाड्याने घेऊन मी समुपदेशनाचा स्वतंत्र व्यवसाय सुरू केला, तेव्हा माझ्या मामांनी विचारलेला हा प्रश्न. त्यात कुचेष्टा नव्हती. आमच्या गोव्यात बोलण्याचे पैसे कोण मोजतो? सोप्यावर बसले की शेजारी येतो, चहा होतो, मन मोकळे होते. दुखणे मोठे असेल तर देवळात नारळ ठेवून गाऱ्हाणे घालायचे. मात्र ते सगळ्यांदेखत असते. काही दुखणी अशी असतात की ती सगळ्यांदेखत देवालासुद्धा सांगता येत नाहीत. त्यांच्यासाठी ही खोली, एवढे तेव्हा मला मामांना नीट सांगता आले नाही.

सुरुवातीचे दिवस कठीण गेले. आठवड्याला दोन-तीन माणसे यायची, त्यात भाडेही सुटत नसे, म्हणून सकाळी एका शाळेत अर्धवेळ नोकरी करायची. फी मागताना जीभ अडखळायची. एक बाई तर फीऐवजी पोरसातली भाजी घेऊन आल्या आणि मी ती घेतलीही! रस्त्यावरून दिसेल अशी मोठी पाटी लावली होती. लोक तिच्याखालून दोनदा जात आणि जिना न चढताच परतत. शेवटी मी पाटी उतरवली. मग ब्लाऊज शिवायला आल्यासारखी माणसे वर येऊ लागली.

त्यातलेच एक पन्नाशीचे गृहस्थ. रात्र रात्र झोप नसायची. पाच-सहा भेटींत बरेच सावरले. पुढे एका शुक्रवारी म्हापशाच्या बाजारात, मयड्याच्या केळ्यांच्या ढिगाशी ते मला दिसले. माझा गोवेकर स्वभाव! मी लगबगीने पुढे झाले आणि म्हटले, "काय, आता झोप लागते ना?" त्यांच्या शेजारी त्यांची बायको उभी होती. तिला यातले काहीच ठाऊक नव्हते. त्यांचा चेहरा उतरला. "हां, हां," म्हणून ते निघून गेले. पुढच्या भेटीला आले नाहीत, त्यानंतर कधीच आले नाहीत. एका वाक्यात मी त्यांची खोली बाजारात आणून मांडली होती.

तेव्हापासून पहिल्याच भेटीत मी सांगून टाकते, "बाहेर भेटलो तर मी आपणहून ओळख दाखवणार नाही. तुम्ही हाक मारलीत तर बोलेन, पण इथले काही बोलणार नाही." इथला शब्द बाहेर जाणार नाही, हेही सांगते, आणि जिवाला धोका आहे असे वाटले तर मात्र मला गप्प बसता येणार नाही, हेसुद्धा. औषधाची गरज दिसली तर मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवते, कारण औषध देणे हे माझे काम नव्हे. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने रुग्णाला गोपनीयतेचा हक्क दिला. मला तो धडा त्याआधीच केळ्यांच्या ढिगाशी मिळाला होता.

मामांच्या प्रश्नाला उत्तर मिळाले ते आपल्या गोव्यातूनच. 'संगाथ' या संस्थेने इथल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत, डॉक्टर नसलेल्या पण शिकवून तयार केलेल्या समुपदेशकांकडून नैराश्याच्या रुग्णांवर सहा ते आठ भेटींचा उपचार करून पाहिला. नुसत्या नेहमीच्या उपचारापेक्षा त्याची जोड मिळालेल्यांना अधिक गुण आला. २०१६ साली 'लॅन्सेट'मध्ये ते छापून आले. मामांना मी ते वाचून दाखवले. म्हणाले, "म्हणजे उलोवपाचे न्हय, आयकुपाचे पयशे." याहून नेमके मलाही सांगता आले नसते.

आता शाळेची नोकरी सुटली आहे आणि भाडे खोलीच्या कमाईतून निघते. पण गावात माझी ख्याती मात्र 'शिष्ट बाई' अशी झाली आहे. जत्रेत, लग्नात समोरून गेले तरी बोलत नाही म्हणे. ओळख दाखवणे हा जिथे शिष्टाचाराचा पहिला नियम, तिथे हे बोल ऐकावेच लागणार. वाचकहो, कधी शुक्रवारच्या बाजारात मी तुमच्याकडे न पाहता केळ्यांचा भाव विचारताना दिसले, तर राग मानू नका. तुमच्या शेजारी कोण उभे आहे, हे मला ठाऊक नसते.