अण्णांचं रजिस्टर

अण्णा भोपाळच्या भेल वसाहतीत देखभाल कार्यालयात कारकून होते. तक्रारींचं रजिस्टर त्यांच्या टेबलावर असे. कुणाचा नळ गळतोय, कुणाची मोरी तुंबलीय, कुणाचं दार पावसात फुगून बसेनासं झालंय, हे सारं आधी अण्णांच्या निळ्या शाईतून जाई आणि मग प्लंबर, सुतार, गवंड्याच्या वाट्याला येई. लोक त्यांना ‘रजिस्टरवाले बाबूजी’ म्हणत. अण्णांना ते आवडायचं, पण तसं ते दाखवत नसत.

ते वरूडकडचे. हेवी इलेक्ट्रिकल्सची स्थापना १९५६ साली झाली, इंग्लंडच्या ए. ई. आय. कंपनीचं तांत्रिक साहाय्य होतं. नोव्हेंबर १९६० मध्ये पंडित नेहरूंच्या हस्ते कारखान्याचं उद्घाटन झालं, त्यानंतर दोन वर्षांनी अण्णा एक वळकटी घेऊन भोपाळला उतरले. पुढे १९७४ मध्ये हेवी इलेक्ट्रिकल्स भेलमध्ये विलीन झाली, तरी जुनी माणसं ‘हेवी’च म्हणत राहिली. पिपलानी, बरखेडा, गोविंदपुरा अशी वसाहत पसरली होती. रस्ते, पाणी, दिवे, शाळा, कस्तुरबा रुग्णालय, सगळ्यांचा मालक एकच. भाडं पगारातून परस्पर कापलं जाई. घरपट्टीची पावती आमच्या घरात मी कधी पाहिली नाही. नगरसेवक हा प्राणी मला नागरिकशास्त्राच्या पुस्तकातच भेटला.

गंमत अशी की आमचंच छत गळायचं. आई बादली मांडून ठेवी. अण्णांनी आपली तक्रार लिहिली तर होती, पण दर वेळी दुसऱ्या कुणाची निकड निघे आणि अण्णा आपल्या हातानं आपला नंबर मागे सारत. आई म्हणे, ‘‘अहो, सगळ्या सेक्टरची छपरं दुरुस्त होतात, आपलं तेवढं पुढच्या पावसाळ्यात, असं किती पावसाळे?’’ अण्णा ऐकून न ऐकल्यासारखं करीत.

मी चौदा वर्षांचा होतो त्या वर्षी, २ डिसेंबर १९८४ च्या रात्री युनियन कार्बाइडचा वायू सुटला. वारा जुन्या शहराच्या दिशेनं होता. आमची वसाहत लांब, दुसऱ्या अंगाला, म्हणून आम्ही वाचलो. त्यात आमची हुशारी काही नव्हती. उजाडता उजाडता लोक येऊ लागले. डोळे सुजलेले, अंगावर जे होतं तेवढंच. आमच्या समोरच्या बागेत एक कुटुंब येऊन टेकलं. म्हातारी, सून, तीन मुलं. थंडी कडाक्याची.

आमच्या शेजारचं क्वार्टर रिकामं होतं. दुरुस्ती होऊन नव्या माणसाला मिळायचं होतं, आणि त्याची चावी आमच्या घरात खिळ्याला टांगलेली. शेजारच्या चाची म्हणाल्या, ‘‘भाईसाब, खोल दीजिए ना.’’ अण्णा उभेच. ‘‘वरून हुकूम नाही,’’ एवढंच त्यांच्या तोंडून निघालं. माझ्या वडिलांना मी असं घाबरलेलं त्याआधी पाहिलं नव्हतं. ते निर्दय नव्हते. ज्या गावात गटाराचं झाकणसुद्धा सहीशिवाय हलत नाही, त्या गावात वीस-बावीस वर्षं काढलेला तो माणूस होता. मला त्यांचा राग आला, आणि तो पुष्कळ वर्षं गेला नाही हेही सांगून टाकतो.

आई काही बोलली नाही. तिनं खिळ्यावरून चावी काढली, कुलूप उघडलं, सतरंज्या नेल्या, चूल पेटवली.

दुपारी अण्णा रजिस्टर घेऊन बसले. त्या क्वार्टरच्या रकान्यात त्यांनी लिहिलं, ‘‘आजारी माणसांस निवारा दिला. जबाबदारी माझी.’’ आणि खाली सही केली. त्यांना कुणी जाब विचारल्याचं मला आठवत नाही. चार दिवसांनी ते कुटुंब नातेवाइकांकडे गेलं.

पुढे एम. ए. करताना नागरी प्रशासनाची पुस्तकं चाळली, तेव्हा अमेरिकेतलं ओक रिज भेटलं. १९४२ साली युद्धकाळात अणुबाँबच्या कामासाठी सरकारनं उभं केलेलं हे गाव १९४५ पर्यंत पंचाहत्तर हजारांवर गेलं. घरं सरकारची, दुरुस्ती, बस, कचरा हे पाहायला सरकारनं नेमलेली एक कंपनी. फाटकावर १९४९ पर्यंत पहारा. युद्ध संपल्यावर सरकारलाच हा संसार जड झाला. पण १९५३ मध्ये आपली नगरपालिका करावी का म्हणून विचारलं, तर लोकांनी चक्क नको म्हटलं! कर भरा, निवडणुका लढवा, कुणी सांगितलंय? शेवटी १९५९ साली ते राजी झाले. हे वाचताना मला सारखे अण्णा दिसत होते.

आपल्याकडे १९९२ च्या चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीनं नगरपालिकांना घटनेत जागा मिळाली. पण त्यातच एक अपवादही आहे. एखादा कारखाना नागरी सोयी पुरवीत असेल तर राज्यपाल तो भाग औद्योगिक नगरी ठरवू शकतात, तिथं नगरपालिका नसली तरी चालतं. भोपाळात तसं राहिलं नाही. आज भेलच्या वसाहतीतही महापालिकेचे वॉर्ड आहेत. कारखान्यातली माणसं मात्र पूर्वीपेक्षा पुष्कळ कमी झाली आणि कितीतरी क्वार्टरं रिकामी पडून आहेत.

निवृत्तीनंतर अण्णा आमच्याकडे राहिले, सातपुड्याच्या या बाजूला, जिथं मी मुख्याध्यापक आहे. घरासमोरची नाली तुंबली की ते पहिले दोन दिवस रजिस्टर शोधत. ‘‘तक्रार लिहायची कुठं?’’ असं विचारत. मी म्हणे, ‘‘अण्णा, इथं पालिकेत जाऊन भांडावं लागतं.’’ त्यांना भांडता येत नसे. मलाही फारसं येत नाही, खरं सांगायचं तर.

गेल्या पावसाळ्यात शाळेसमोरची नाली भरून पाणी पाचवीच्या वर्गात शिरलं. दोन अर्ज दिले, काही झालं नाही. तिसऱ्या वेळी मी पालकांची सभा घेतली आणि आठ-दहा आया माझ्याबरोबर कार्यालयात आल्या. त्याच बोलल्या, मी मागे उभा होतो. आठ दिवसांत नाली मोकळी झाली. ती आता पुन्हा भरत आली आहे. दिवाळीची सुट्टी संपली की त्या आयांना निरोप धाडायचा आहे.