लाल शाईचे कागद

नवं मूल माझ्याकडे आलं की पहिल्या दिवशी मी पुस्तक उघडत नाही. सतरंजीवर दप्तर रिकामं करायला सांगते. तळाशी चुरगळलेल्या झेरॉक्स निघतात, आईपर्यंत न पोचलेली पालकसभेची सूचना निघते, घड्यांवर फाटलेला नकाशा निघतो. दोनशे पानी वही पुढून विज्ञानाची आणि मागून इतिहासाची असते. गृहपाठ रफ वहीत केलेला असतो, पण फेअर वहीत उतरवायचा राहिल्यामुळे बाईंच्या लेखी तो केलेलाच नसतो.

मी विशेष शिक्षिका आहे. अभ्यासात मागे पडलेली पाचवी ते दहावीची मुलं माझ्याकडे येतात आणि त्यांतली बरीच ‘वेंधळा’, ‘आळशी’ अशी विशेषणं ऐकून थकलेली असतात. ज्या मुलाला अवधानाची अडचण आहे, त्याला एका दमात सांगितलेल्या चार सूचना धरून ठेवता येत नाहीत. हातात आलेला कागद कुठे ठेवायचा हे ठरवणं हेच त्याच्यासाठी एक स्वतंत्र काम असतं. फळ्यावरचं उतरवून घ्यायच्या घाईत ते काम राहून जातं. कितीही रागावलं तरी हरवलेला कागद काही सापडत नाही.

मग आईबाबा रविवारी बसून दप्तर लावून देतात. नवी कव्हरं, लेबलं, प्रत्येक विषयाला वेगळ्या रंगाची फाईल. हे सगळं प्रेमापोटी होतं, पण ती रचना आईच्या डोक्यातली असते आणि आठवडा संपायच्या आत ती मोडते. म्हणून मी एकच बटणाची प्लास्टिक फाईल देते. दिवसभरात मिळालेला प्रत्येक कागद विषय न बघता त्यात टाकायचा. संध्याकाळी दहा मिनिटं मुलानं स्वतः बसायचं, कागदाच्या कोपऱ्यात तारीख आणि विषय लिहायचा आणि तो घरच्या बॉक्स फाईलमध्ये लावायचा. ही जाड फाईल शाळेत न्यायची नाही. २०२० च्या राष्ट्रीय दप्तर धोरणानुसार दप्तराचं वजन मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांवर जाऊ नये. तीस किलोच्या मुलाला तीन किलो, त्यात डबा आणि पाण्याची बाटलीही आली. बॉक्स फाईलच्या कप्प्यांना नावं मात्र मुलानंच द्यायची. एका मुलीनं एका कप्प्यावर ‘भूमितीची भीती’ असं लिहिलं होतं. मी ते बदलू दिलं नाही, कारण तिचा कागद तिला बरोबर तिथेच सापडायचा.

२०२३-२४ मध्ये आपल्या पाठ्यपुस्तकांत वहीची कोरी पानं जोडण्यात आली. नोंद धड्याच्या शेजारीच राहावी, ही कल्पना मला मनापासून पटली होती. पण वर्गात वेगळ्या वह्या चालूच राहिल्या, ओझं हटलं नाही आणि जानेवारी २०२५ मध्ये तो निर्णय मागे घेतला गेला. तपासायला वेगळी वही मागितली जाणार असेल, तर मूल त्या कोऱ्या पानावर कशाला लिहील?

माझा खरा जीव अडकतो तो तपासलेल्या पेपरात. सहावीतल्या एका मुलाच्या घटक चाचणीत ०.३ × ०.२ चं उत्तर ०.६ होतं. सत्र परीक्षेतही अशाच गणिताला दशांशचिन्ह एक घर चुकलं होतं. दोन्ही वेळा घरी पाढे पाठ करायला बसवलं गेलं. पाढे त्याचे पाठच होते, तीन दुणे सहा त्यानं बरोबरच केलं होतं. दशांशस्थळांची बेरीज करायची असते हे त्याला उमगलं नव्हतं. हे कळलं ते दोन्ही पेपर शेजारी-शेजारी ठेवल्यावर. पहिला पेपर रद्दीत गेला असता तर दुसरी चूक नुसता निष्काळजीपणा ठरली असती.

म्हणून प्रत्येक चुकीशेजारी मुलानं पेन्सिलीनं एक अक्षर लिहायचं: ‘वा’ म्हणजे प्रश्न नीट वाचला नाही, ‘घा’ म्हणजे घाई झाली, ‘ना’ म्हणजे मुळात येत नाही. ‘ना’वाले प्रश्न पुठ्ठ्याच्या कार्डांवर उतरवायचे. सेबास्टियन लाइटनर या जर्मन लेखकानं १९७० च्या दशकात मांडलेली खोक्याची पद्धत इथे फार उपयोगी पडते. बुटांच्या खोक्यात कप्पे करायचे. उत्तर बरोबर आलं की कार्ड पुढच्या कप्प्यात, चुकलं की परत पहिल्यात. पहिला कप्पा रोज काढायचा, पुढचे दिवस सोडून सोडून. मुलांना हे आवडतं, कारण कार्ड पुढे सरकताना स्वतःच्या डोळ्यांना दिसतं.

मे महिन्यात वह्या रद्दीत घालणाऱ्या पालकांना मी कळकळीनं थांबवते. अध्ययन अक्षमतेची शंका असेल तर तपासणीच्या वेळी मुलाच्या जुन्या वह्या फार उपयोगाच्या असतात. गाळलेल्या वेलांट्या, उलटसुलट अक्षरं, अर्ध्यावर सुटलेली वाक्यं तज्ज्ञांना तिथेच दिसतात. तपासणीनंतर मिळणाऱ्या प्रमाणपत्रावर बोर्डाच्या परीक्षेत जादा वेळ, लेखनिक अशा सवलती मिळू शकतात. आईनं सुवाच्य अक्षरात उतरवून दिलेली वही तिथे निरुपयोगी.

दिवाळीच्या सुट्टीनंतर सत्र परीक्षेचे पेपर वाटले जातील. काही शाळा ते दाखवून लगेच परत घेतात. तिथल्या शिक्षकांना माझी विनंती आहे की गुणांची बेरीज तपासून झाल्यावर मुलांना आणखी पंधरा मिनिटं द्या आणि ‘ना’चे प्रश्न वहीत उतरवून घेऊ द्या.