सरांचा कॅमेरा

या स्मरणिकेसाठी जुनी छायाचित्रे जमवीत असता कार्यालयातील लोखंडी कपाटात सरांचा कॅमेरा हाती लागला. यशिका इलेक्ट्रो ३५. विद्यालयाच्या पहिल्या तुकड्यांची बहुतेक छायाचित्रे यानेच टिपलेली. चामडी वेष्टन उघडले आणि आम्ही दोघे गप्प झालो. बॅटरी आतच होती.

दहावीच्या वर्षी हा कॅमेरा सांभाळण्याचे काम सरांनी आम्हा दोघांकडे दिले होते. सुटी लागण्यापूर्वी बॅटरी काढून ठेवायची, एवढेच बजावले होते. घरी जाण्याच्या घाईत तेवढेच राहिले. पुढच्या तुकड्यांची छायाचित्रे गावातील स्टुडिओवाल्याने काढली. का, ते सरांनी कधी सांगितले नाही. विचारण्याचे धैर्य आम्हालाही झाले नाही.

जपानमध्ये १९६६ साली आलेल्या या कॅमेऱ्यात छायाचित्रकाराने फक्त छिद्र किती मोठे ठेवायचे ते ठरवावयाचे. शटर किती वेळ उघडे राहावे हे प्रकाश मोजून आतील विद्युतमंडल ठरविते. वीज नसेल तर शटर १/५०० सेकंदच उघडते, त्याहून अधिक नाही.

आमच्यापैकी एकाचे रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचे दुकान आहे. त्याच भरवशावर तळाची पट्टी उघडली. पाऱ्याची जुनी बॅटरी हातमोजे घालून वेगळी ठेवली. बॅटरीच्या खोबणीत हिरवट थर साचला होता, तो व्हिनेगरने व मग स्पिरिटने पुसला. तार वरून धडधाकट दिसत होती. आवरण सोलले तर आतील तांबे काळे पडलेले. त्यावर डाख बसेना. सोलत सोलत मागे गेलो, तरी काळेच! अखेर सबंध तार बदलली. मूळ ५.६ व्होल्टची बॅटरी आता मिळत नाही. ६ व्होल्टची लहान बॅटरी स्प्रिंग लावून बसविली आणि मागील बटण दाबले. हिरवा दिवा लागला. वसतिगृहात असे ओरडलो असतो तर रात्रभर व्हरांड्यात उभे राहावे लागले असते.

परंतु फिल्मची कळ ओढताना जो 'खट्' आवाज यावयास हवा, तो येईना. आत एक चिमुकली रबरी गादी असते. ती वयोमानाने विरघळून डांबरासारखी झाली होती. सायकलच्या ट्यूबचा तुकडा कापून चिकटविला. तीनदा निसटला, चौथ्यांदा 'खट्' वाजले. अंधारात पिवळा दिवाही लागू लागला. शटर मात्र १/५०० वरच अडून राहिले. उरलेला दोष लेन्सच्या नळीत, शटर धरून ठेवणाऱ्या विद्युतचुंबकापाशी असावा. तेथे हात घालून उरलासुरला कॅमेराही गमवावा, हे आम्हाला पटले नाही.

कॅमेरा घेऊन सरांकडे गेलो आणि सारे सांगितले. सरांनी कळ ओढली, आवाज कान देऊन ऐकला. म्हणाले, "मग उन्हात काढू."

एकत्र छायाचित्र आमच्या विद्यालयात नेहमी सायंकाळी, वंदनेपूर्वी घेत. यंदाचे भर दुपारी बारा वाजता घेतले: ४०० ची फिल्म, छिद्र १६ वर. म्हणूनच त्यात सर्वांचे डोळे मिचमिचे आले आहेत. सर स्वतः कॅमेऱ्यामागे होते, त्यामुळे ते त्यात नाहीत.

कॅमेरा परत आमच्या हाती देताना ते एवढेच म्हणाले, "बॅटरी काढून ठेवा."

या वेळी त्यांच्यासमोरच काढली.