दहा नंबर

भाच्याच्या शाळेत जर्सी वाटल्या आणि दहा नंबरसाठी पोरांची झोंबाझोंबी झाली. 'मामा, मला सातच मिळाला,' असं म्हणत तो रडवेला होऊन घरी आला. मला मात्र दहा म्हटलं की ५ डिसेंबर २००४ आठवतो. बेंगळुरूत फुटबॉलच्या फेडरेशन कपची फायनल, गोव्याचा धेंपो विरुद्ध मोहन बागान. धेंपोच्या दहा नंबरच्या क्रिस्टियानो ज्युनियरने दुसरा गोल मारला, गोलकीपरवर आदळला आणि कोसळला. पुन्हा उठलाच नाही. कप धेंपोने जिंकला, आणि दहा नंबर कायमचा मिटून ठेवला.

आमच्या घरात दोन पक्ष. बाबा वास्कोचे, म्हणजे साळगावकरचे. त्यांचं दैवत गोलकीपर ब्रह्मानंद शंखवाळकर. मी धेंपोचा. आर्मांडो कुलासोंच्या त्या संघाचा चेंडू गवत सोडायचा नाही. क्लायमॅक्स लॉरेन्सने मधोमध अडवायचा, बेटोने मान वर करून बचावफळीच्या मागे सोडायचा, आणि रँटी मार्टिन्स तिथे आधीच हजर! चर्चिल ब्रदर्सचा खाक्या निराळा. चेंडू ओडाफाला द्या, पुढचं तो अंगाच्या जोरावर बघेल. २००७-०८च्या पहिल्या आय-लीगमध्ये दोघांचे गुण सारखे झाले आणि विजेतेपद धेंपोकडे आलं. फातोर्ड्याच्या चर्चिलवाल्यांना ते अजून सलतं. सलू दे.

धेंपो काय, साळगावकर काय, क्लब उभे राहिले ते खाणमालकांच्या पैशावर. २०१२ मध्ये गोव्यातल्या खाणी थांबल्या. पण २०१६ मध्ये धेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग आय-लीगमधून बाहेर पडले ते महासंघाच्या आराखड्यामुळे. फ्रँचायझींची लीग वर, आय-लीग खाली. पाचदा देशात पहिला आलेल्या क्लबाला खालच्या पायरीवर बसवायचं, हा राग माझ्या मनातून गेलेला नाही. २०२४ मध्ये धेंपो आय-लीगमध्ये परतला तरी नाही.

ज्युनियर ज्याच्यावर आदळला तो बागानचा गोलकीपर सुब्रत पाल. तेव्हा अठराही पूर्ण न झालेला. त्याचं नाव निघालं की मी खवळायचो आणि बाबा मला गप्प करायचे. 'अरे, चेंडू आला की कीपरने पुढे यायचंच असतं. ब्रह्मानंदही आला असता.' जानेवारी २०११ मध्ये दोह्याला आशियाई कपात दक्षिण कोरियाने आपल्याला ४-१ हरवलं. गोल चारच झाले ते पालमुळे. तो एकामागून एक फटके अडवत होता. बाबा खुर्चीच्या कडेला सरकले होते, आणि मी त्यांच्याही वरच्या आवाजात ओरडत होतो, 'पुढे ये, पाल, पुढे ये!'